ब्रँच बदललेला माणूस : हार्लो शॅपली

सीईटी, मेरिट लिस्ट, कॅप राउंड आणि ऑप्शन फॉर्म या चक्रातून आपण सगळेच गेलोय. माझ्या ऑप्शन फॉर्ममध्ये इन्स्ट्रुमेंटेशन अकराव्या नंबरला होतं. नेमकं तेच पदरात पडलं! पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशी समजूत घरच्यांनी घातली. पण पहिलं वर्षभर कुणा नातेवाइकाने ब्रँच विचारली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायचो.

त्याच वर्षी लायब्ररीत वेळ काढताना खगोलशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक हाताला लागलं आणि त्यात मला हार्लो शॅपली भेटले. आइन्स्टाइन, न्यूटन यांच्यावर आपल्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. शॅपलींवर कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणून या वेळी संपादक मंडळाच्या मागे लागून मी ही चार पानं मागून घेतली.

२ नोव्हेंबर १८८५ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, नॅशव्हिल नावाच्या खेड्याजवळच्या शेतावर हार्लोचा जन्म झाला. होरेस हा त्याचा जुळा भाऊ. घरची शेती, शाळा लांब, त्यामुळे शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे गेलंच नाही. पोरगं पंधरा-सोळाचं झालं आणि कॅन्सस राज्यातल्या चनूट गावच्या एका छोट्या वर्तमानपत्रात बातमीदार म्हणून लागलं. चोऱ्या, मारामाऱ्या, दारुड्यांची भांडणं अशा बातम्या हार्लो लिहायचा. पण वाचनाची भूक मोठी होती. पैसे साठवून तो पुन्हा शाळेत गेला, राहिलेला अभ्यास दोन वर्षांत उरकला आणि वर्गात पहिला आला.

१९०७ साली, बाविसाव्या वर्षी, हा मुलगा मिसुरी विद्यापीठात दाखल झाला तो पत्रकारिता शिकायला. तिथे गेल्यावर कळलं की पत्रकारितेचं नवं कॉलेज सुरू व्हायला अजून एक वर्ष आहे! आता आली का पंचाईत? परत जायचं तर गावात तोंड कसं दाखवायचं? मग त्याने विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडलं. त्यात विषय वर्णानुक्रमाने छापलेले होते. पहिला विषय आर्किऑलॉजी, म्हणजे पुरातत्त्व. त्याचा उच्चारच जमेना. पान उलटलं, पुढचा विषय ॲस्ट्रॉनॉमी. हा उच्चारता आला, आणि घेतला! ही गोष्ट शॅपलींनी स्वतःच म्हातारपणी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यात थोडं तिखटमीठ असेलही, शेवटी माणूस जुना बातमीदार! पण पत्रकारितेसाठी आलेला मुलगा खगोलशास्त्रात गेला, हे मात्र शंभर टक्के खरं.

हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं असेल, ते ज्यांना अकराव्या नंबरचा ऑप्शन मिळालाय त्यांनाच कळेल.

मिसुरीत फ्रेडरिक सीअर्स या प्राध्यापकांनी त्यांना वेधशाळेत काम दिलं. तिथून शॅपली प्रिन्स्टनला हेन्री नॉरिस रसेल यांच्या हाताखाली गेले आणि एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांवर पीएच.डी. करून १९१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत नोकरीला लागले. त्याच वर्षी मार्था बेट्झ यांच्याशी लग्न झालं. मार्थाबाई गणितात पक्क्या होत्या. नवऱ्याच्या कामातली कितीतरी आकडेमोड त्यांची आहे, आणि जोडताऱ्यांवर त्यांनी स्वतःही संशोधन केलं.

माउंट विल्सनवर तेव्हा ६० इंची दुर्बीण होती. शॅपलींनी तिच्यातून गोलाकार तारकागुच्छ बघायला घेतले. गोलाकार तारकागुच्छ म्हणजे लाखो ताऱ्यांचा, लाडवासारखा घट्ट वळलेला गोळा. त्यांची अंतरं कशी काढायची? इथे एका बाईंचं काम उपयोगी पडलं. हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवून दिलं होतं, की सेफीड प्रकारचे रूपविकारी तारे जितके सावकाश लुकलुकतात तितके ते मुळात जास्त तेजस्वी असतात. म्हणजे लुकलुकण्याचा काळ मोजला की खरं तेज कळतं, आणि खरं तेज व दिसणारं तेज यांच्या तुलनेतून अंतर कळतं. लांबच्या दिव्याचे वॉट माहीत असले की तो किती दूर आहे हे सांगता येतं, तसंच.

शॅपलींनी तारकागुच्छांचा नकाशा मांडला तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. बहुतेक गुच्छ आकाशाच्या एकाच बाजूला, धनू राशीकडे दाटलेले. त्यांनी सरळ तर्क केला : हे गुच्छ आकाशगंगेच्या केंद्राभोवती पसरलेले असणार. ते एका बाजूला दिसतात, याचाच अर्थ आपण केंद्रात नाही, कडेला आहोत! कोपर्निकसने पृथ्वीला मधून हलवलं, शॅपलींनी १९१८ च्या सुमारास सूर्याला हलवलं. आज आपण सांगतो की सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. शॅपलींचा आकडा याच्या जवळपास दुप्पट होता आणि आकाशगंगेचा व्यास तर त्यांनी ३ लाख प्रकाशवर्षं धरला होता, आजच्या अंदाजाच्या तिप्पट. मधली धूळ प्रकाश अडवते हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. आकडा चुकला, पण दिशा बरोबर होती.

याच डोंगरावर शॅपलींना आणखी एक नाद लागला : मुंग्या! दिवसा दुर्बिणीचं काम नसायचं, तेव्हा भिंतीकडेने चाललेल्या मुंग्यांच्या रांगा बघत ते स्टॉपवॉच घेऊन बसायचे. ऊन चढलं की मुंग्या जोरात पळतात हे त्यांनी मोजून काढलं, इतकं नेमकं की मुंगीच्या वेगावरून तापमान सांगता यावं. त्यावर चक्क शोधनिबंध छापला. माझ्यासारख्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला हे वाचून कोण आनंद झाला! मुंगी म्हणजे सहा पायांचा थर्मामीटर, आणि कॅलिब्रेशन कर्व्हसकट!

आता येते ती गोष्ट, जिच्यामुळे मला हा माणूस जवळचा वाटला. ती यशाची नाही, चुकण्याची आहे.

त्या काळी मोठा वाद होता, की आकाशात दिसणारे भोवऱ्यासारखे सर्पिल ढग नक्की आहेत तरी काय? आपल्याच आकाशगंगेतले किंवा तिच्या आसपासचे वायूचे ढग, की आपल्यासारख्याच दूरच्या स्वतंत्र दीर्घिका? २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये या विषयावर जाहीर सामना ठरला. एका बाजूला लिक वेधशाळेचे हेबर कर्टिस, मुरलेले वक्ते. दुसऱ्या बाजूला ३४ वर्षांचे शॅपली. त्यात हार्वर्ड वेधशाळेचं संचालकपद तेव्हा रिकामं होतं, शॅपलींचा त्यावर डोळा होता आणि हार्वर्डची माणसं समोर बसलेली. म्हणजे एकाच वेळी वादविवाद स्पर्धा आणि कॅम्पस इंटरव्ह्यू! शॅपलींनी अगदी प्राथमिक पातळीवरचं भाषण कागदावरून वाचलं. त्यांचं म्हणणं असं, की आपली आकाशगंगा इतकी अवाढव्य आहे की तेच जवळपास सगळं विश्व, आणि सर्पिल ढग हे किरकोळ प्रकरण. एका पुराव्यासाठी ते आपले मित्र ॲड्रियान व्हॅन मानेन यांच्या मोजमापावर विसंबले. सर्पिल ढग फिरताना दिसतात, असं व्हॅन मानेन यांनी मोजलं होतं. ते इतक्या लवकर फिरताना दिसत असतील, तर फार दूर असूच शकत नाहीत. तर्क चोख होता, पण मोजमापच चुकीचं निघालं.

एक किस्सा खगोलशास्त्रज्ञांमध्ये अजून सांगितला जातो. माउंट विल्सनवर मिल्टन ह्यूमसन नावाचे सहायक होते. त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या फोटोप्लेटवर काही ठिपक्यांजवळ खुणा केल्या, हे सेफीड असावेत म्हणून. शॅपलींनी ते शक्यच नाही हे त्यांना समजावून सांगितलं आणि खिशातून रुमाल काढून त्या खुणा पुसून टाकल्या! म्हणजे शतकातला एक मोठा शोध समोर ठेवलेला होता, आणि आपलं मत पक्कं असल्यामुळे माणसाने तो रुमालाने पुसला.

शॅपली १९२१ मध्ये हार्वर्डला गेले. त्यांच्या मागे माउंट विल्सनवर एडविन हबल उरले. तेही मूळचे मिसुरीचेच, पण दोघांचं कधी फारसं जमलं नाही. हबलना १९२३ च्या ऑक्टोबरात देवयानीत सेफीड सापडला. लेव्हिटबाईंची आणि शॅपलींची, त्यांचीच पद्धत वापरून त्यांनी अंतर काढलं. ते शॅपलींच्या अवाढव्य आकाशगंगेच्याही कितीतरी पलीकडे निघालं. १९२४ च्या फेब्रुवारीत हबलनी हे पत्राने शॅपलींना कळवलं. पत्र आलं तेव्हा सेसिलिया पेन ही इंग्लंडहून आलेली तरुण संशोधक त्यांच्या खोलीत होती. शॅपलींनी पत्र तिच्या हातात दिलं आणि या कागदाने आपलं विश्व मोडलं, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं.

या जागी मी असतो तर काय केलं असतं? व्हायव्हात चुकलेलं उत्तर आपण दहा मिनिटं ताणतो. इथे तर अख्ख्या देशासमोर मांडलेलं मत पडलं होतं, आणि तेही ज्याच्याशी पटत नाही त्याच्या हातून. शॅपलींनी पुरावा मान्य केला, आणि नुसता मान्य करून गप्प बसले नाहीत. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी ज्यांचं अस्तित्व नाकारलं होतं त्या दीर्घिकाच मोजण्यात घालवली!

हार्वर्डच्या दुर्बिणी उत्तरेला होत्या तशा दक्षिणेलाही, दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनजवळ. सगळ्या आकाशाच्या फोटोप्लेट जमा व्हायच्या, आणि त्यावर भिंग लावून मोजणी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया असायच्या, तुटपुंज्या पगारावर. कामाचा हिशेब शॅपली मुलींच्या तासांत मांडायचे, हे आज वाचताना खटकतं. पण सेसिलिया पेनसारख्या मुलीला इंग्लंडात संशोधनाची वाट बंद होती तेव्हा हार्वर्डचं दार त्यांनीच उघडलं, हेही तितकंच खरं. अॅडलेड एम्स या सहकारी बाईंबरोबर शॅपलींनी १९३२ मध्ये १,२४९ तेजस्वी दीर्घिकांची सूची छापली. त्याच वर्षी नाव उलटून एम्स बुडाल्या, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. ती सूची दोघांच्या नावाने आजही ओळखली जाते.

या मोजणीतून शॅपलींना दिसलं, की दीर्घिका आकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे गर्दी, कुठे शुकशुकाट. कन्या राशीकडे तर जत्रा भरलेली. १९३० मध्ये नरतुरंग तारकासमूहात, खूप दूर, दीर्घिकांचा एक प्रचंड ढग त्यांनी नोंदवला. हबल म्हणायचे की मोठ्या प्रमाणावर पाहिलं तर विश्व सगळीकडे सारखंच आहे. शॅपली म्हणायचे, नाही, गाठी आणि रिकाम्या जागा खऱ्या आहेत. गंमत म्हणजे या वेळी दोघंही बरोबर होते. पुरेशा मोठ्या चौकटीत विश्व सारखं दिसतं, पण तिच्या आत ते कोळ्याच्या जाळ्यासारखं आहे : धागे, धाग्यांच्या गाठी, आणि मधे पोकळ्या.

मग १९३८ साल. ब्लूमफाँटेनहून आलेल्या प्लेटवर शिल्पकार तारकासमूहात एक अगदी फिकट डाग दिसला. काचेवर कुणाचं बोट लागलंय, असं वाटावं इतका फिकट. पण तो डाग नव्हता, हजारो मंद ताऱ्यांचा विरळ पुंजका होता. लवकरच अश्मंत तारकासमूहात तसाच दुसरा सापडला. तारकागुच्छ म्हणावा तर फारच मोठा, दीर्घिका म्हणावी तर फारच फिकट, आणि त्यात निळे तरुण तारे नाहीत, धूळ नाही, ढग नाहीत. शॅपलींनी जाहीर केलं, की ही नव्याच जातीची तारकाप्रणाली आहे. पुढे माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून बाडे आणि खुद्द हबल यांनी त्यातले तारे तपासून दुजोरा दिला. याच त्या बटू दीर्घिका. शिल्पकारमधली आपल्यापासून सुमारे २ लाख ८० हजार आणि अश्मंतमधली सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षांवर आहे. दोन्ही आपल्या आकाशगंगेच्या परिवारातल्या. एवढ्या फिकट गोष्टी जवळ असूनही आजवर दिसल्या नाहीत, तर विश्वात अशा आणखी कितीतरी असतील, हे शॅपलींनी तेव्हाच ओळखलं. आज आपल्या आकाशगंगेभोवतीच अशा साठेक बटू दीर्घिका माहीत आहेत, आणि विश्वात संख्येने त्याच सर्वांत जास्त आहेत.

आता मला हवा होता तो प्रश्न. शॅपलींनी आयुष्यात दोन टोकांच्या गोष्टी शोधल्या : दीर्घिकांच्या सर्वांत मोठ्या वस्त्या आणि सर्वांत छोट्या दीर्घिका. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? शिल्पकारमधल्या त्या पुंजक्यात नवे तारे का जन्मत नाहीत?

उत्तर मिळायला पुढची काही दशकं गेली. तारे वायूपासून बनतात. वायू संपला की दीर्घिकेत नवा तारा नाही. बटू दीर्घिकेचं वजन कमी, म्हणून गुरुत्वाकर्षणाची पकडही ढिली. तिचा वायू काढून घेणं सोपं. काढणारे कोण? पहिला म्हणजे वारा. हवा पडलेली असली तरी गाडी साठच्या स्पीडने काढली की तोंडावर वारा बसतो ना, तसंच. मोठ्या दीर्घिकेभोवती आणि दीर्घिकांच्या समूहात तापलेला विरळ वायू पसरलेला असतो. त्यातून बटू दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा समोरून दाब बसतो. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा : दाब म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट, तर दाब चौपट. हा दाब पकडीपेक्षा जास्त झाला की वायू मागे उडून जातो आणि तारे तेवढे उरतात. हे गणित जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये मांडलं. दुसरं कारण भरती-ओहोटीचं बळ. मोठी दीर्घिका बटूला जवळच्या बाजूने जास्त आणि लांबच्या बाजूने कमी ओढते, त्यात ती ताणली जाते. धनू राशीतली १९९४ मध्ये सापडलेली बटू दीर्घिका अशीच फाटत चालली आहे, आणि तिच्या ताऱ्यांची पट्टी आकाशभर पसरली आहे. तिसरं कारण उपासमार : बाहेरून येणारा नवा वायूच बंद होतो.

म्हणजे वडाच्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही, त्यातला प्रकार! आपल्या आकाशगंगेपासून सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळपास सगळ्या बटू दीर्घिका कोरड्या आहेत. मॅजेलनचे मेघ हे ठळक अपवाद. ते वजनाने मोठे आहेत आणि बहुधा नुकतेच आपल्या जवळ आलेत. पण त्यांचाही वायू पट्ट्यासारखा मागे सांडलेला दिसतो. उलट लांब, एकट्या राहणाऱ्या बटू दीर्घिका वायूने भरलेल्या असतात आणि त्यांत आजही तारे जन्मतात. २०१२ मध्ये हजारो बटू दीर्घिका तपासल्यावर दिसलं, की मोठ्या दीर्घिकेपासून ५० लाख प्रकाशवर्षांपेक्षा लांब राहणारी आणि तारे बनवणं थांबलेली बटू जवळपास सापडतच नाही. अर्थात सगळंच परिस्थितीवर ढकलता येत नाही. अगदी चिमुकल्या दीर्घिकांचा वायू विश्वाच्या बालपणीच, पहिल्या ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाने तापून निघून गेला असावा. आणि काही बटू आज एकट्या असूनही कोरड्या आहेत. त्या पूर्वी कधीतरी एखाद्या मोठीच्या जवळून जाऊन आल्या असतील का, यावर संशोधन चालू आहे.

एकट्या बटूंचा वायू कसा दिसतो हे मोजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. पुण्याच्या एनसीआरएच्या शास्त्रज्ञांनी रशियन सहकाऱ्यांसोबत याच दुर्बिणीतून साठेक बटू दीर्घिकांचा वायू मोजला. त्यातल्या एकीचा, एनजीसी ३७४१ चा, वायूचा पसारा तिच्या दिसणाऱ्या भागाच्या आठपटींहून मोठा निघाला! वारा लागला नाही म्हणून तो टिकला. विज्ञान दिनाला आमचा ग्रुप खोडदला गेला होता. सगळे अँटेनासमोर फोटो काढत होते. मी मात्र रिसीव्हर, केबल आणि सर्व्हो कंट्रोलची माहिती देणाऱ्या इंजिनिअर काकांना चिकटून बसलो होतो. आकाश बघण्याच्या त्या कारखान्यात माझ्या अकराव्या नंबरच्या ब्रँचची माणसं भरलेली होती. परतताना एसटीत मी पहिल्यांदा कुणालातरी आपणहून ब्रँच सांगितली.

शॅपलींची उरलेली गोष्ट सांगायला हवी. हिटलरच्या काळात जर्मनीतून जीव मुठीत धरून निघालेल्या शास्त्रज्ञांना अमेरिकेत आणण्यासाठी, नोकऱ्या मिळवून देण्यासाठी त्यांनी अमाप पत्रव्यवहार केला. युनेस्कोच्या उभारणीत त्यांचा हात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाशी शास्त्रज्ञांनी बोलत राहिलं पाहिजे, असं ते उघड मांडत. त्या वातावरणात हे म्हणणं महाग पडलं. १९४६ मध्ये त्यांना अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे उभं केलं गेलं, आणि १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी त्यांचं नाव कम्युनिस्टांच्या संदर्भात घेतलं. शॅपली घाबरले नाहीत, आरोप सरळ फेटाळले. सिनेटच्या समितीला त्यात तथ्य आढळलं नाही. शास्त्रज्ञांनी तर १९४६ च्या चौकशीनंतर त्यांना आपल्या सर्वांत मोठ्या संघटनेचं अध्यक्ष केलं! १९५२ मध्ये ते संचालकपदावरून निवृत्त झाले आणि नंतर गावोगाव व्याख्यानं देत फिरले. २० ऑक्टोबर १९७२ रोजी, ८६ व्या वर्षी, कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे ते गेले. बटू दीर्घिकांवरच्या वाऱ्याचं गणित मांडलं गेलं तेही याच वर्षी.

नरतुरंगातल्या त्या ढगाचं काय झालं? १९८९ मध्ये केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या सोमक रायचौधुरी यांना तो ६५ कोटी प्रकाशवर्षांवरचा प्रचंड महासमूह म्हणून ओळखता आला, आणि त्यांनी त्याला शॅपलींचं नाव दिलं. आपली आकाशगंगा शेजाऱ्यांसकट सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर वेगाने सरकते आहे, त्या ओढीत या महासमूहाचाही वाटा आहे. हेच रायचौधुरी पुढे पुण्याच्या आयुकाचे संचालक झाले, आणि २०१७ मध्ये आयुकाच्या ज्या चमूने ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा सरस्वती महासमूह शोधला, त्यातही ते होते.

आणि शेवटची गंमत. हार्लो आणि मार्था यांचा मुलगा लॉइड गणितज्ञ झाला. १९६२ मध्ये डेव्हिड गेल यांच्यासोबत त्याने एक प्रश्न सोडवला : हजारो विद्यार्थ्यांना त्यांच्या पसंतीक्रमानुसार आणि कॉलेजांच्या क्रमानुसार जागा कशा वाटायच्या, म्हणजे एकमेकांना जास्त पसंत असलेले विद्यार्थी आणि कॉलेज वेगळे पडणार नाहीत? त्या कामासाठी २०१२ मध्ये लॉइड शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१५ पासून आपल्याकडच्या आयआयटी आणि एनआयटीच्या एकत्रित प्रवेशाची पद्धतही याच विचारावर बेतलेली आहे. बापाने माहितीपत्रकाची पानं उलटून ब्रँच निवडली, आणि मुलाने ब्रँच वाटण्याचं शास्त्रच लिहिलं!

गणित कितीही चोख असलं, तरी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला अकरावा ऑप्शन येणारच. बटू दीर्घिकेला आपली जागा निवडता येत नाही, जवळच्या वडाची सावली टाळता येत नाही. शॅपलींनाही जागा निवडता आली नव्हती. पण एकदा तिथे पोचल्यावर ते दुर्बीण सोडून पळाले नाहीत, आणि चुकले तेव्हा नव्याने मोजायला बसले. फर्स्ट इयरच्या ज्या ज्युनिअर्सचे चेहरे अजून उतरलेले आहेत, त्यांनी एकदा खोडदला जाऊन यावं. नारायणगावला एसटी थांबते, पुढे वडाप मिळतं.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन